वळणावर तेल कोठे जाते?

शर्यतीची गाडी म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे काय येते? रुंद टायर, मोठा आवाज करणारा सायलेन्सर, डिकीवर बसवलेला पंखासारखा पत्रा आणि दारांवर चिकटवलेले आकडे. मोहल्ल्यातल्या कोणत्याही तरुणाला विचारा, ‘गाडीवर पैसे खर्च करायचे झाले तर आधी कशावर करशील?’ उत्तरात इंजिन ऑइलचे नाव क्वचितच येईल. तेल दिसत नाही, त्याचा फोटो काढून कोणाला पाठवता येत नाही. पण ज्या मिस्त्रींनी शर्यतीत बसलेली इंजिने उघडून पाहिली आहेत, त्यांना विचारले तर ते पहिले बोट तेलावर ठेवतात. एखाद्या वळणावर सेकंदभर तेल मिळाले नाही, एवढ्यावरून चांगल्या इंजिनाचे भंगार झालेले त्यांनी पाहिलेले असते.

कौटुंबिक मासिकात हा विषय कशाला, असे काही भगिनी विचारतील. कारण सरळ आहे. आपल्या कितीतरी घरांची रोजी गॅरेजवर चालते. कोणाचा भाऊ मिस्त्री आहे, कोणाचा मुलगा शाळा सुटली की उस्तादांच्या हाताखाली पाने आणि बोल्ट हाताळतो, तर कोणाच्या अंगणात हप्ते फेडून आणलेली गाडी उभी आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्याच गाडीला ‘रेसिंगची’ करण्याचे खूळ डोक्यात घेतलेली मुलेही आपल्याच घरात आहेत. त्यांना नुसते ‘नको’ म्हणून भागत नाही. ‘का नको’ आणि ‘करायचेच तर कसे’ हे समजून सांगावे लागते, आणि त्यासाठी आधी ते आपल्याला ठाऊक असावे लागते.

ऑटोक्रॉस म्हणजे काय?

मोटारींच्या शर्यतींचे अनेक प्रकार आहेत. त्यांत सामान्य माणसाच्या रोजच्या गाडीला जागा देणारा प्रकार म्हणजे ऑटोक्रॉस. अमेरिकेत तो फार रुजला आहे. सुटीच्या दिवशी एखादे मोठे पार्किंगचे मैदान किंवा वापरात नसलेली विमानांची धावपट्टी घेतात आणि तिच्यावर नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखतात. गाड्या ठरावीक अंतराने एकेक सुटतात, शेजारी शेजारी धावत नाहीत. प्रत्येकाची लढत फक्त घड्याळाशी असते. फेरी साधारण मिनिटभराची. एक शंकू पाडला की वेळेत 2 सेकंद वाढवतात. वेग हमरस्त्यावरच्या वेगाहून फारसा जास्त नसतो. कस लागतो तो वळणांचा.

तिथल्या ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेची स्थापना 1944 सालची. 1973 पासून ही संस्था या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा घेत आली आहे. 2009 पासून नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात, जुन्या हवाई तळाच्या काँक्रीटवर ही स्पर्धा भरू लागली. ब्रिटनमध्ये हेच नाव गवतावरच्या किंवा मातीवरच्या शर्यतीला आहे आणि आपल्या देशातही कच्च्या मैदानावरच्या शर्यतीला ऑटोक्रॉस म्हणतात. या लेखात आम्ही पक्क्या जमिनीवरच्या, शंकूंच्या खेळाबद्दल बोलत आहोत, कारण तेलाची परीक्षा तिथे अधिक कडक असते. पक्क्या जमिनीवर टायर घट्ट पकडतो आणि टायर जितका घट्ट पकडेल तितका वळणाचा जोर वाढतो.

या खेळातली एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. बरेच जण सकाळी ज्या गाडीतून मैदानावर येतात तिच्यातूनच फेऱ्या मारतात आणि संध्याकाळी तिच्यातूनच घरी परततात. सोमवारी तीच गाडी कामावर न्यायची असते. म्हणजे मैदानावर इंजिन बसले तर खेळ तर जातोच, पण घराचे चाकही थांबते.

तेलाचे खरे काम

इंजिनाच्या तळाशी पत्र्याचा किंवा अॅल्युमिनियमचा एक हौद असतो. गॅरेजमध्ये त्याला ऑइल चेंबर म्हणतात. लहान गाडीत त्यात साधारण साडेतीन-चार लिटर तेल मावते. चेंबरच्या तळाजवळ जाळी लावलेली एक नळी असते, तिला स्ट्रेनर म्हणतात. पंप या नळीतून तेल ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि बारीक वाटांनी क्रँकच्या बेअरिंगपर्यंत, तिथून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत आणि वर कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवतो. काम झालेले तेल ओघळत पुन्हा चेंबरमध्ये येते. इंजिन चालू असेपर्यंत हे चक्र थांबत नाही.

क्रँकचा शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात मोकळी जागा किती असते? मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी. म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. एवढ्याशा फटीत तेलाचा थर बसतो आणि शाफ्ट त्या थरावर अक्षरशः तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. म्हणूनच नीट जपलेले इंजिन लाखो किलोमीटर चालते.

हे तरंगणे कसे होते, याचा शोध गमतीशीर आहे. 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या वरच्या भागाला भोक पाडले, तर आस फिरताच तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्यांनी भोकात बूच ठोकले. तेही तेलाने बाहेर ढकलले. फिरणारी आस स्वतःच तेलाला पाचरीसारखे आपल्याखाली ओढून घेते आणि त्यातून प्रचंड दाब तयार होतो, हे त्यातून उलगडले. 1886 मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले आणि आजही बेअरिंगची आखणी त्याच गणिताच्या आधारे होते.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यायची. भार उचलणारा दाब शाफ्टच्या फिरण्यातून येतो, पंपाचे काम त्या फटीला सतत तेल पुरवण्याचे आहे. पुरवठ्यात तेलाऐवजी हवा आली की पाचर विरते आणि धातू धातूवर घासतो. मिनिटाला 6000 फेरे फिरणारा क्रँक एका सेकंदात 100 वेळा फिरतो. एक सेकंद तेल नाही, म्हणजे 100 फेरे कोरडे.

तेल कोठे जाते?

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. नववीच्या विज्ञानात न्यूटनचे नियम शिकवताना आम्ही जडत्वासाठी एसटीचे उदाहरण देतो. बस डावीकडे वळली की प्रवासी उजवीकडे कलतात. चेंबरमधले तेलही तेच करते. गाडी डावीकडे वळली की तेल उजव्या भिंतीवर चढते, ब्रेक दाबला की पुढे धावते, जोरात वेग घेतला की मागे जाते. स्ट्रेनर मात्र आपल्या जागेवरच असतो. तेल त्याच्यापासून दूर गेले की पंप हवा ओढतो.

तेल किती कलते याचा हिशेब सोपा आहे. वळणाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या प्रमाणात मोजतात, त्याला ‘जी’ म्हणतात. रोजच्या सावकाश वळणात हा जोर 0.2 जीच्या आसपास असतो, तेव्हा तेलाची पातळी सुमारे 11 अंश कलते. 0.5 जीला ती 27 अंश कलते. चांगल्या टायरची गाडी ऑटोक्रॉसच्या वळणात 1 जीपर्यंत पोहोचते, तेव्हा तेलाची पातळी 45 अंश तिरपी असते. जिन्याच्या उतारापेक्षाही अधिक तिरपी! दहावीत त्रिकोणमिती शिकणारा विद्यार्थी हे आकडे स्वतः पडताळून पाहू शकेल. कोनाचे टॅन म्हणजे वळणाचा जोर भागिले गुरुत्वाकर्षण, एवढेच सूत्र आहे.

शिवाय चेंबरचा आकारही महत्त्वाचा. ताटात पाणी घेऊन चाला, चार पावलांत सांडेल. तेवढेच पाणी तांब्यात घ्या, सांडणार नाही. रोजच्या गाडीचा चेंबर पुष्कळदा ताटासारखा पसरट असतो, कारण गाडीखाली जागा कमी असते आणि कारखान्याने तो रोजच्या रस्त्यासाठी बनवलेला असतो. त्यात भर म्हणजे इंजिन जोरात फिरत असताना बरेचसे तेल वर कॅमशाफ्टच्या भागात आणि भिंतींवर असते. ते खाली येईपर्यंत चेंबरमध्ये उरते ते थोडकेच.

ऑटोक्रॉसमध्ये शंकूंमधून डावे-उजवे, डावे-उजवे असे झटके एकामागून एक बसतात. तेल एका भिंतीवरून सुटून दुसऱ्या भिंतीवर आपटते, त्यात फेस होतो. फेस म्हणजे हवा मिसळलेले तेल. आणि हवा दाबली जाते, ती शाफ्टला तोलू शकत नाही.

नामांकित गाड्याही सुटल्या नाहीत

हा धोका स्वस्त गाड्यांनाच असतो असे समजू नये. पोर्शे कंपनीची 944 ही गाडी 1982 ते 1991 या काळात बनली. वळणांवर ती फार चांगली म्हणून शर्यतीच्या हौशी लोकांनी ती उचलून धरली. पण या गाडीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात दुसऱ्या क्रमांकाच्या रॉडचे बेअरिंग सर्वांत आधी जाते, हे जगभरच्या मिस्त्रींना अनुभवाने माहीत झाले. लांब, जोरकस वळणांत तेल कमी पडते किंवा फेसाळते आणि त्याचा पहिला तडाखा त्या बेअरिंगला बसतो. म्हणून ही गाडी मैदानावर नेणारे लोक आधी चेंबर उतरवतात, तेल अडवणारे पत्रे बसवतात आणि मगच पुढचा विचार करतात.

दुसरे उदाहरण बीएमडब्ल्यूच्या ई-36 या मालिकेतील सहा सिलिंडरच्या गाड्यांचे. त्यांचा ऑइल पंप क्रँकवरून साखळीने फिरतो आणि पंपावरचे दातेरी चाक एका नटाने आवळलेले असते. इंजिन वारंवार जास्त फेऱ्यांवर चालवले की तो नट सैल होण्याची शक्यता असते. नट सुटला की चाक निसटते, पंप थांबतो आणि तेलाचा दाब शून्यावर येतो. म्हणून शर्यतीत उतरणारे लोक चेंबर उतरवून त्या नटाला आटे पकडून ठेवणारे द्रावण लावतात, कोणी तारेने बांधूनही ठेवतात. एका नटावर सगळ्या इंजिनाचे आयुष्य! उस्ताद मुलाला ‘नट आवळून पुन्हा एकदा हात फिरव’ म्हणतात, त्यामागे असाच अनुभव असतो.

तयारी : स्वस्तापासून महागापर्यंत

शर्यतीची तयारी म्हणजे लगेच महागडे सामान मागवणे, हा गैरसमज आहे. जाणकार ज्या क्रमाने तयारी करतात तो क्रम असा.

*पहिली पायरी, तेलाची पातळी.* गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहायची. पातळी वरच्या खुणेला हवी. दोन खुणांच्या मध्ये असलेले तेल रस्त्यावर चालून जाते, वळणावर चालत नाही. काही लोक खुणेच्या वर अर्धा लिटर जास्त टाकतात. काही इंजिनांत ते चालते, पण प्रत्येक इंजिनात नाही. तेल क्रँकपर्यंत पोहोचले तर क्रँक त्याला रवीसारखा घुसळतो आणि फेस होतो. म्हणून त्या इंजिनाचा अनुभव असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय जास्त तेल भरू नये.

*दुसरी पायरी, तेल आणि फिल्टर.* शर्यतीपूर्वी नवे तेल आणि चांगला फिल्टर. डब्यावर लिहिलेल्या 5डब्ल्यू-30 सारख्या आकड्यांची भीती वाटायला नको. डब्ल्यू म्हणजे हिवाळा, त्याआधीचा आकडा थंडीतले वागणे सांगतो. दुसरा आकडा तेल 100 अंश सेल्सिअसला किती दाट राहते ते सांगतो. 30 पेक्षा 40 दाट. आपल्या भगिनींना हे वेगळे सांगायला नको, कारण थंडीत गोठलेले खोबरेल आणि फोडणीला तापून पाण्यासारखे झालेले तेल त्या रोज पाहतात. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मर्यादेतलेच तेल घ्यावे. ‘जितके दाट तितके चांगले’ हे खरे नाही. फार दाट तेल बारीक वाटांतून वेळेत पोहोचत नाही.

*तिसरी पायरी, चेंबर उतरवून पाहणे.* जुन्या गाडीत हे काम टाळू नये. स्ट्रेनरच्या जाळीवर काळा गाळ बसलेला असतो तो साफ करायचा. नळीच्या जोडावरची रबरी रिंग कडक झाली असेल तर बदलायची, नाहीतर पंप तिथूनच हवा ओढतो. नळीला चीर गेली आहे का ते पाहायचे. परत बसवताना सिलिकॉन पेस्ट बेताने लावायची. अनेक मुलांना वाटते की पेस्ट जितकी जास्त तितके लीकेज कमी. पण जास्तीची पेस्ट आतल्या बाजूला गोळ्यासारखी येते, सुटते आणि नेमकी स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसते. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री जाळीतून काढलेले असे तुकडे एका डबीत ठेवतात आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशी ती डबी दाखवतात.

*चौथी पायरी, आडवे पत्रे.* पाण्याच्या टँकरमध्ये आत पत्रे लावून कप्पे केलेले असतात, नाहीतर वळणावर पाणी एका बाजूला लोटून टँकर उलटेल. चेंबरमध्येही स्ट्रेनरभोवती तसेच पत्रे लावतात आणि त्यांना छोट्या झडपा ठेवतात. झडप आतल्या बाजूलाच उघडते. तेल स्ट्रेनरकडे येऊ शकते, मागे जाऊ शकत नाही. वर क्रँकच्या खाली आणखी एक पत्रा लावतात, तो क्रँकला तेल घुसळू देत नाही. चांगल्या वेल्डरच्या हातचे हे काम आहे. वेल्डिंगचा एकही कण आत राहता कामा नये.

*पाचवी पायरी, दाबाचा काटा.* गाडीच्या डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा फार उशिरा लागतो. दाब जवळजवळ संपत आल्यावरच तो पेटतो आणि 6000 फेऱ्यांवर तोपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून दाब दाखवणारा काटा किंवा वरच्या दाबालाच पेटणारा मोठा दिवा बसवतात. जुन्या मिस्त्रींचा ढोबळ नियम असा, की दर 1000 फेऱ्यांमागे 10 पीएसआय दाब असावा. वळणावर काटा झुकला, तर पत्र्यांचे काम पुरे पडले नाही हे समजते. अंदाजाने खर्च करण्यापेक्षा आधी मोजावे, मग ठरवावे.

*सहावी पायरी, जादा साठा.* एका नळकांड्यात सरकती दट्ट्या असते. तिच्या एका बाजूला दाबलेली हवा, दुसऱ्या बाजूला तेल. पंपाचा दाब पडला की हवा दट्ट्या ढकलते आणि साठवलेले तेल काही क्षण बेअरिंगला पुरवते. इंजिन सुरू करण्यापूर्वी तेल पोहोचवायलाही ते उपयोगी पडते. याला अॅक्युसंप म्हणतात.

*शेवटची पायरी, ड्राय संप.* यात तेल चेंबरमध्ये ठेवतच नाहीत. जादा पंप ते ओढून वेगळ्या उंच टाकीत नेतात आणि तिथून इंजिनाला देतात. हीच ताट आणि तांब्याची गोष्ट. पोर्शेच्या जुन्या 911 गाड्यांत सुरुवातीपासून अशी वेगळी टाकी असे. रोजच्या गाडीवर हे बसवणे फार खर्चाचे आहे आणि मिनिटभराच्या फेरीसाठी त्याची गरज क्वचितच पडते. पहिल्या पाच पायऱ्या नीट केल्या तर पुष्कळ गाड्यांना एवढे पुरते.

कोणत्या वर्गात काय बदलायला परवानगी आहे हे स्पर्धेच्या नियमपुस्तकात लिहिलेले असते. ते आधी वाचावे. नियमाबाहेरचा बदल लपवून जिंकणे ही फसवणूक आहे, मग ती तराजूत असो की इंजिनात.

थंड तेलाचा धोका

नवखे लोक तेल थंड करणारा कूलर आधी बसवतात. लांब शर्यतीत तो लागतो. ऑटोक्रॉसमध्ये मात्र फेरी मिनिटभराची आणि मधे बराच वेळ रांगेत उभे राहायचे, त्यामुळे अडचण पुष्कळदा उलटी असते. तेल पुरेसे तापलेलेच नसते. पाण्याचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल तापले असे होत नाही, तेल मागाहून तापते. थंड, दाट तेलावर इंजिन एकदम 6000 फेऱ्यांवर नेणे म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाला थेट पळवणे. तेल 80 अंशांच्या पुढे जाईपर्यंत इंजिनावर जोर देऊ नये. एकाच गाडीवर दोन चालक आळीपाळीने फेऱ्या मारत असतील तरच तापमान चढते, तेव्हा मधे विश्रांती द्यावी.

फेऱ्या संपल्यावर तेलाची पातळी पुन्हा पाहायची. काही स्पर्धांनंतर तेल बदलताना जुना फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून उजेडात बघायच्या. चमकणारे बारीक कण दिसले तर बेअरिंग झिजत आहे, हा इंजिनाने वेळीच दिलेला इशारा आहे. आणि जुने तेल गटारात किंवा ओढ्यात ओतू नये. ते जमा करून पुनर्वापर करणाऱ्यांना द्यावे. गटारातले तेल शेवटी कोणाच्या तरी विहिरीपर्यंत जाते आणि शेजाऱ्याचा हक्क फक्त भिंतीला भिंत लागून असलेल्या घरापुरता नसतो.

घरच्या गाडीसाठी

शर्यतीशी ज्यांचा काही संबंध नाही, त्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे. कशेडी किंवा आंबा घाटात वळणावर किंवा ब्रेक दाबताना तेलाचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला, तर ‘वायर हलली असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. चेंबरमध्ये तेल कमी झाले आहे आणि वळणावर ते स्ट्रेनरला सोडून जात आहे, असाच त्याचा अर्थ धरा. गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, डिपस्टिक पाहा. दिवा पेटलेलाच राहिला तर पुढच्या गॅरेजपर्यंतही गाडी चालवू नका, ओढून न्या. टोइंगचा खर्च इंजिनाच्या खर्चापुढे काहीच नाही.

स्पीडब्रेकरला चेंबर घासला असेल तर गाडीखाली वाकून बघा. चेंबर आत दबला असेल तर तो स्ट्रेनरला चिकटतो आणि तेल ओढायला जागाच उरत नाही. बाहेर एक थेंबही न गळता इंजिन उपाशी मरते.

मैदान आणि रस्ता

आता पालकांच्या मनातला प्रश्न. मुलाने या खेळात पडावे का? शर्यत या गोष्टीला आपल्या दीनमध्ये मुळात मनाई नाही. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांची बुखारी शरीफमधली रिवायत प्रसिद्ध आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या. ज्या घोड्यांची तयारी झाली होती, म्हणजे भरपूर चारा देऊन मग तो हळूहळू कमी करत, झूल पांघरून घाम काढत ज्यांना घट्ट बनवले होते, त्यांना हफयापासून सनियतुल विदापर्यंतचे, पाच-सहा मैलांचे अंतर दिले. ज्यांची तयारी झाली नव्हती त्यांना सनियतुल विदापासून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंतचे, साधारण मैलभराचे. स्वतः इब्न उमर (रजि.) त्या शर्यतीत होते.

या रिवायतीत आम्हाला आजच्या मुलांसाठी मोठा धडा दिसतो. जागा ठरलेली होती, अंतर ठरलेले होते आणि जनावराची जितकी तयारी तितकेच त्याच्याकडून मागितले होते. तयारी नसलेल्या घोड्याला लांब पळवणे हा त्याच्यावर जुलूम. मुकी जनावरे असोत, यंत्रे असोत की आपला स्वतःचा जीव असो, हे सगळे आपल्या हाती दिलेली अमानत आहे.

रस्त्यावरची शर्यत मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ होतो आणि पुष्कळदा पैजही लागते, जी हराम आहे. कायद्यानेही तो गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास पहिल्या गुन्ह्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी चालवणारा अल्पवयीन असेल तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंडाची तरतूद आहे. संघटित शर्यतीत झालेले नुकसान नेहमीच्या गाडी विम्यात धरले जात नाही, हेही घरात सर्वांना माहीत असावे. ज्याला खरेच खेळायचे आहे त्याने एफएमएससीआय या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेच्या परवान्याने, हेल्मेट घालून, बंद मैदानावर खेळावे.

आणि ज्या मुलाला गाडी चालवण्यापेक्षा उघडण्यात जास्त रस आहे, त्याच्या अम्मी-अब्बांना आमची खास विनंती आहे. गॅरेजमध्ये जाणाऱ्या मुलाला ‘शिक्षणात मन नाही’ म्हणून सोडून देऊ नका. बेअरिंगमधली फट, तेलाचा दाब, कलण्याचा कोन, तापमान आणि दाटपणा हे सगळे त्याच्या शाळेच्याच पुस्तकातले आहे. त्याच्या हाताला जे कळते ते त्याच्या वहीत उतरले, तर तोच मुलगा आयटीआय, मग डिप्लोमा, मग त्याच्याही पुढे जाऊ शकतो. उस्तादांचा अनुभव आणि पुस्तकातले विज्ञान एका हातात आले तर त्या घराची रोजी भक्कम होते.

त्याची सुरुवात आजच करता येईल. मुलाला आवाज द्या, घरची गाडी सपाट जागी उभी करायला सांगा आणि डिपस्टिक काढून पातळी दाखवायला सांगा. तेल कमी असेल तर सायलेन्सरचे बघू नंतर.